एका पानात बसवलेला वणवा

आमच्या वेल्डनला वणवा लागायचा तर आधी खाडीलाच आग लागावी लागेल. पश्चिमेला चिखल आणि खारं गवत, पूर्वेला आठ पदरी महामार्ग, आणि मधे एकमेकांना खेटून उभी असलेली ठेंगणी घरं. सर्वांत जवळचा डोंगर नऊ मैलांवर. राज्याने वणव्याच्या धोक्याचा नकाशा काढला तेव्हा डोंगरावरचं कॅरिक हाइट्स लालभडक निघालं, पायथ्याची गावं नारिंगी, आणि आम्ही कोरे. मी एकतीस वर्षं या गावाच्या नियोजन खात्यात कारकुनी करतेय. चांगलं म्हणावं असं आमच्याबद्दल फारसं काही नाही, तेव्हा तो कोरेपणा मला आवडला होता.

महापौर सिंथिया ब्रॅनिगनला मात्र तो कमीपणा वाटला. मार्चमध्ये ती कॅरिक हाइट्सला कुणाकडे तरी जेवायला गेली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या खात्यात येऊन उभी राहिली.

"त्यांच्याकडे पाच फुटांचा पट्टा आहे. घराच्या भिंतीपासून पाच फुटांत काही म्हणजे काही जळण्यासारखं नाही. झुडूप नाही, लाकूड नाही, पायपुसणंसुद्धा नाही! आणि आपल्याकडे काय आहे?"

"आपल्याकडे खाडी आहे," मी म्हटलं.

माझा साहेब कीथ लुंडबर्ग माझ्याकडे डोळे वटारून पाहत महापौरांना म्हणाला, "आम्ही तुलना करून देतो."

आमच्याकडे ही एक खोडच आहे. कोणतंही गाव स्वतःच्या डोक्याने काही ठरवत नाही. कोंबड्या पाळायच्या, गाड्या कुठे लावायच्या, पाटीचा रंग कोणता, काहीही असो, आधी आजूबाजूच्या सहा गावांत काय चालतं याचं कोष्टक मागवायचं. त्या सहा गावांनीही आमच्याकडे बघूनच ठरवलेलं असतं. अशी सगळी गावं वर्षानुवर्षं एकमेकांच्या पाटीवरचं बघून लिहितात, आणि मूळ गणित काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

ते कोष्टक मी केलं. सहा गावांचे नियम मागवले, वाचले, फोन करकरून त्यांचा अर्थ विचारला. दहा आठवडे लागले. तीन पानं झाली आणि खाली अकरा तळटिपा. नियम जिथे राहतो तिथे तळटिपेतच राहतो, वरच्या रकान्यात नुसतं त्याचं नाव असतं, हे मला एकतीस वर्षांत कळलेलं आहे. चौथी टीप कॅरिक हाइट्सची होती: पाच फुटांच्या पट्ट्याचा नियम अपंगांसाठी बांधलेल्या रॅम्पला आणि पन्नास फुटांहून अरुंद जागांना लागू नाही. डोंगरावरच्या श्रीमंतांनासुद्धा एवढी अक्कल होती.

कीथने तीन पानं हातात तोलून पाहिली.

"वेर्ना, हे एका पानात बसव."

"बसणार नाही."

"अगं, कौन्सिल एकच पान वाचते. दुसरं पान दिसलं की त्या बिस्किटांकडे हात जातो त्यांचा. टिपा काढून टाक."

"टिपांमध्येच तर सगळं आहे."

"कुणी विचारलं तर सांगू ना! तू असशीलच तिथे."

मी टिपा काढल्या, अक्षर बारीक केलं, कडेची जागा कमी केली. बसलं. कीथने पाठ थोपटली. खोटं कशाला सांगू, छापलेलं ते पान हातात घेऊन मला बरंही वाटलं होतं. किती नीटनेटकं दिसत होतं!

बैठकीत ब्रॅनिगनबाईंनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ओळीतला सर्वांत कडक रकाना गोल करत गेल्या. झुडपं या गावाची, कुंपण त्या गावाचं, लाकडी बांधकाम कॅरिक हाइट्सचं. "जे सर्वांत कडक ते आपलं," त्या म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या. मग एका सभासदाने हळूच विचारलं, आपल्या जुन्या भागाचं काय? जुना भाग म्हणजे चेस्टनट अव्हेन्यूची ती सुंदर बंगल्यांची ओळ. भिंतींना लाकडी कौलं, भिंतींवर चढलेले वेल, दारात शंभर वर्षांचे गुलाब. गावात एखादी ठिणगी खरंच कुठे पेट घेईल, तर तिथेच. पण तिथे महापौर राहतात. तो भाग 'वारसा' म्हणून नियमातून वगळला, चर्चा दीड मिनिट. अरुंद जागांबद्दल, रॅम्पबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. "तू असशीलच तिथे" म्हणाला होता ना कीथ? मी होते. मूग गिळून होते.

आता आमच्या गल्लीविषयी. मी डेल्मर स्ट्रीटवर राहते. रस्त्याच्या मधोमध जो पिवळा पट्टा आहे ती गावाची हद्द. आमची बाजू वेल्डन, समोरची सान टोमास. दोन्ही बाजूंना तीच घरं, तीच धूळ, एकाच कंत्राटदाराने एकाच वर्षी बांधलेली. घराघरांत सात-आठ फुटांचा बोळ. म्हणजे पाच फुटांचा पट्टा मोजायला गेलं तर शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट घुसावं लागतं.

माझ्यापासून तिसरं घर लेम्युएल हॅस्केटचं. वय एकोणऐंशी, बसच्या आगारात मेकॅनिक होता. त्याची बायको अर्नेस्टीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. या गल्लीतली निम्मी प्रजा तिच्या हातचं खाऊन वाढली. साखरेच्या आजाराने तिचा एक पाय गुडघ्याखालून गेला, मग मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागतं. घराला पाच पायऱ्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चमधल्या माणसांनी दोन शनिवार घालवून तिला लाकडी रॅम्प बांधून दिला. अंगण एवढंसं, त्यामुळे तो भिंतीला धरून जातो, कोपऱ्यावर वळतो आणि फाटकाशी उतरतो. त्या रॅम्पवरून ती खुर्चीत बसून राणीसारखी उतरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची. तिचं बाहेरचं सगळं जग त्या फळ्यांवर होतं.

जुलैत नियम लागू झाला. नोटीस घेऊन अग्निशमन दलाचा टेव्हिता आला. टोंगा बेटांवरचा धिप्पाड माणूस, दारातून आत येताना आडवं व्हावं लागतं त्याला. मी तेव्हा हॅस्केटच्या व्हरांड्यातच बसले होते.

"आंटी, माफ करा हं," तो अर्नेस्टीनला म्हणाला. "रॅम्प भिंतीपासून पाच फुटांत आहे. लाकडी आहे. पंधरा दिवसांत काढायला लागेल."

"काढून मी उडत जाऊ का, बाळा?"

"मला काही सांगू नका, आंटी. माझ्या आईला असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खाडीत बुडवला असता. पण कागदावर सही माझ्या कॅप्टनची आहे."

लेम्युएल नोटीस उलटसुलट करून पाहत होता. "मिस वेर्ना, तू तिथेच कामाला आहेस ना? हे कुणाच्या डोक्यातून निघालं गं?"

"कौन्सिलच्या," मी म्हटलं. तोंडातून एवढंच निघालं, आणि ते खोटंही नव्हतं. अशा वेळी खरं किती सोयीचं होतं!

मग सुरू झाली आमच्या ऑफिसची कवायत. लाकूड नको तर सिमेंटचा बांधा म्हणाले. सिमेंटचा अर्ज केला तर पावसाच्या पाण्याचं खातं आडवं आलं, कारण निम्म्याहून जास्त अंगण सिमेंटने झाकायचं नाही, पाणी मुरायला हवं. लोखंडी रॅम्प चालेल म्हणाले. तो एक संस्था फुकट देते, तिची यादी सात महिन्यांची. अपंगांसाठी सवलत मागायचा फॉर्म असतो. तो मी स्वतः भरून दिला आणि कीथच्या टेबलावर ठेवला. त्यावर 'विचाराधीन' असा शिक्का पडला. त्या शिक्क्याची शाई मात्र कधी संपत नाही.

कौन्सिलच्या ऑगस्टमधल्या सुट्टीआधीच्या शेवटच्या बैठकीला लेम्युएल कोट घालून गेला. आमच्याकडे कुणीही उठून बोलू शकतं, दोन मिनिटं. समोर दिवा असतो: हिरवा, पिवळा, लाल. त्याने टोपी काढली आणि लग्न कधी झालं इथपासून सुरुवात केली. जुन्या माणसांची हीच पद्धत, आधी मी कोण ते सांगायचं, मग काम. तो रॅम्पपर्यंत पोचला तेव्हा दिवा लाल झाला.

"धन्यवाद, मिस्टर हॅमिल्टन," ब्रॅनिगनबाई हॅस्केटचं हॅमिल्टन करून म्हणाल्या. "किती हृदयस्पर्शी! पुढचे?"

माझ्या हातात त्या दिवशी चौथी टीप होती, घडी घालून. नाव नोंदवायची चिठ्ठीही घेतली होती. पण कीथने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या पेन्शनला अकरा महिने बाकी होते. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

रॅम्प लेम्युएलने स्वतःच्या हातांनी उतरवला. एक फळी फुटू दिली नाही, खिळे काढून डब्यात भरले. फळ्या ठेवायच्या कुठे? वेल्डनमध्ये घराजवळ लाकडाचा ढीग ठेवणंही बंद. समोरचा ओस्वाल्दो त्याच्या स्पॅनिश अदबीने म्हणाला, "आण इकडे, डॉन लेम्युएल. आमच्या बाजूला लाकूड पेटत नाही!" तो हसला, आम्हीही हसलो. फळ्या पिवळा पट्टा ओलांडून सान टोमासला गेल्या आणि त्याच्या भिंतीला टेकून, कायदेशीरपणे, उभ्या राहिल्या.

आता अर्नेस्टीनला खाली कोण उतरवणार? न्यायला येते त्या गाडीच्या ड्रायव्हरला पायऱ्यांवरून माणूस उचलायची परवानगी नाही, तोही नियमच. लेम्युएलचा खुबा गेलेला. एकदा त्याने आणि ओस्वाल्दोने उचलायचा प्रयत्न केला तर खुर्ची तिसऱ्या पायरीवर कलंडता कलंडता राहिली. शेवटी अर्नेस्टीनने फोन फिरवला तो अग्निशमन दलालाच. पडलेल्या माणसाला उचलायला ते येतात, मग न पडलेल्या माणसाला का नाही? टेव्हिता आला. मंगळवारी आला, गुरुवारी आला, शनिवारी आला. भलामोठा लाल बंब दारात उभा करून चार माणसं खाली उतरायची आणि ज्यांच्या नोटिशीने रॅम्प गेला त्यांच्याच हातांवर ती बाई खाली यायची. दुपारी परत वर.

"एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता," ती म्हणायची. टेव्हिता हसायचा, पण त्याचे कान लाल झालेले असायचे.

मी चौथी टीप अखेर कीथला दाखवली. वाचून त्याने कपाळाला हात लावला, आणि मला वाटलं, माणसाला लाज वाटली.

"अरे देवा, हे कळलं तर आपण मूर्ख दिसू."

"आपण मूर्ख आहोतच. दुरुस्त कर."

"करू की. पण ऑगस्टमध्ये कौन्सिलला सुट्टी. सप्टेंबरात पहिलं वाचन, ऑक्टोबरात दुसरं, मग तीस दिवसांनी अंमल. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत होऊन जाईल." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तोपर्यंत बंब येतोय ना?"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडे खरे वणवे लागले. आकाश गढूळ लाल झालं, गाड्यांवर राख पडू लागली. अशा वेळी सगळ्या गावांचे बंब तिकडे धाडतात, आमचाही गेला, टेव्हितासकट. ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गावात एक बंब राहिला, आणि त्या शनिवारी सकाळी तो महामार्गावरच्या अपघाताला गेला होता.

गाडी आली. ड्रायव्हर पाच मिनिटं थांबतो, जास्त नाही. मी धावत गेले. ओस्वाल्दो कामावर होता. मी, लेम्युएल आणि पलीकडच्या घरातली बाळंतीण, अशी तिघं मिळून खुर्चीला हात लावला, आणि अर्नेस्टीनच म्हणाली, "सोडा रे, तुमच्यातलं एक मरेल." मी दलाला फोन केला. फोनवरच्या बाईने विचारलं, "जिवाला धोका आहे का?" मी म्हटलं, "आत्ता नाही, परवा असेल." ती म्हणाली, "मग थांबावं लागेल." गाडी गेली. फळ्या समोर दिसत होत्या, तीस पावलांवर.

सोमवारी पहाटे तिला श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स मात्र लगेच आली, आता जिवाला धोका होता. ती वाचली. सहा दिवस इस्पितळात काढले. सातव्या दिवशी घरी सोडायचं म्हणून एक बाई कागद घेऊन आली. लेम्युएलला कधी खोटं बोलता आलेलं नाही.

"घरात शिरायला पायऱ्या आहेत का?"

"पाच."

"रॅम्प आहे का?"

"होता."

तिने 'नाही'वर खूण केली. ज्या घराला रॅम्प नाही त्या घरी अशा माणसाला पाठवत नाहीत. अर्नेस्टीनला शुश्रूषागृहात नेलं. जवळ जागा नव्हती. जागा होती कॅरिक हाइट्सला.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर तरी लोकांचे डोळे उघडले असतील. ऐका मग. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मला सान टोमासच्या नियोजन खात्यातून फोन आला. आवाज गोड. त्यांच्या कौन्सिलला वणव्याचे नियम करायचेत, शेजारच्या वेल्डनने फार चांगला कडक नियम केलाय असं ऐकलं, तुमचं ते कोष्टक पाठवाल का? एका पानात असेल तर बरं.

त्या दिवशी मी ठरवलं, कीथ गेला उडत. मी दोन पानं केली. पहिल्या पानावर फक्त टिपा, मोठ्या अक्षरात, चौथी सर्वांत वर. तिच्याखाली लिहिलं की ही टीप गाळल्यामुळे आमच्या गावात एका बाईचा रॅम्प काढला गेला आणि ती घराबाहेर पडली ती अजून परत आलेली नाही. कोष्टक दुसऱ्या पानावर. म्हटलं, एकच पान वाचतात ना, मग हेच वाचा. खाली माझं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मनःपूर्वक आभार, पहिल्या पानावर नुसत्या टिपाच होत्या, त्यामुळे आम्ही दुसरं पान घेतलं.

मला ओकारी आली. हे अलंकार म्हणून लिहीत नाही, खरंच उठून बेसिनपर्यंत जावं लागलं. तोंड धुतलं आणि ठरवलं, निदान एका माणसाला तरी खरं सांगायचं.

रविवारी लेम्युएलबरोबर गेले. कॅरिक हाइट्सचं ते शुश्रूषागृह टेकडीच्या कडेला आहे, मागे वाळलेलं गवत थेट रानापर्यंत. नकाशावर लालभडक. गाडीतून उतरलो आणि लेम्युएल थबकला. पुढच्या दाराला रॅम्प होता, भिंतीला धरून जाणारा, कोपऱ्यावर वळणारा. लाकडी. दोन्ही बाजूंना जाईचा वेल चढवलेला. त्याने खाली वाकून फळीवरून हात फिरवला.

"फरचं लाकूड आहे," तो म्हणाला. "आपलाच माल."

अर्नेस्टीन खूप वाळली होती. तिला खुर्चीतून बाहेर आणली आणि रॅम्पच्या खाली उन्हात बसवली. लेम्युएल कॉफी आणायला गेला तेव्हा मी सगळं सांगितलं. कोष्टक माझं. टिपा मी काढल्या. बैठकीत चिठ्ठी हातात होती ती पर्समध्ये टाकली. दुरुस्ती झालीय, पण अंमल व्हायला अजून सतरा दिवस, मग बांधायची परवानगी, मग इथल्या डॉक्टरांची नवी तपासणी, ती जानेवारीत. सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. शाळेत ताटात अन्न टाकून उठणाऱ्या पोरांकडे बघायची तशी.

"ती उरलेली दोन पानं," तिने विचारलं, "वाचायला किती वेळ लागला असता त्यांना?"

"चार मिनिटं, मिस अर्नेस्टीन. पाच म्हणा."

"मला इथे आज एकसष्टावा दिवस."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नकोस, मला ते बघवत नाही आणि तोंड फिरवायला मला खुर्ची वळवावी लागते." लेम्युएल कॉफी घेऊन आला, तिने त्याला काहीच सांगितलं नाही, गल्लीतल्या बाळंतिणीच्या पोरीचं नाव काय ठेवलं ते विचारलं. पाच वाजता आत जायची घंटा झाली. लेम्युएलने खुर्चीची एक मूठ धरली, मी दुसरी, आणि त्या फळ्यांवरून आम्ही तिला वर ढकलत आत नेली.